काळे उडीद, डांगर आणि परसदार : तंजावरच्या मराठी स्वयंपाकघराचा एक इतिहास

१

तंजावर आणि मराठी खाद्यपरंपरा हे दोन शब्द एकत्र आले की सामान्य वाचकाप्रमाणे अभ्यासकालाही प्रथम सांबार आठवते. कथा सर्वपरिचित आहे. छत्रपती संभाजी महाराज तंजावरास पाहुणे म्हणून आले. शाहजी राजांच्या मुदपाकखान्यात त्या दिवशी आमसुले नव्हती. म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुण्याच्या नावावरून त्या पदार्थास सांबार म्हणू लागले. कथेचे पाठभेद अनेक आहेत. काहींत राजा स्वतः चुलीपाशी बसतो, काहींत आचारी ही युक्ती सुचवितो. काहींत मुगाच्या जागी तूर येते, काहींत तूर आधीपासूनच असते. नामकरणाचा शेवट मात्र सर्वत्र एकच आहे.

प्रस्तुत लेखकाने ही कथा आपल्या अध्यापनकाळात अनेक वर्षे वर्गात सांगितली आहे. दोन भाषिक प्रदेशांच्या आदानप्रदानाचे इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे सापडत नसे. ते कबूल करूनच येथे प्रारंभ करणे उचित होईल, कारण या निबंधातील विवेचन हे एका अर्थी त्या सोयीस्कर उदाहरणाची दुरुस्ती आहे. शाहजी १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर आले आणि १७१२ पर्यंत त्यांनी राज्य केले. संभाजी महाराजांची कारकीर्द १६८१ ते १६८९ अशी आहे. म्हणजे कथेला उपलब्ध असलेला काळ जेमतेम पाच वर्षांचा, आणि ती पाच वर्षे महाराज मुघलांशी अखंड झुंजत होते. कथा सांगणारे कोणीही त्या भोजनाचा समकालीन कागद पुढे ठेवीत नाहीत. शिवाय शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी राजपुत्राची गरजही नाही. संस्कृतातील ‘संभार’ म्हणजे जमवलेली सामग्री; त्यावरून मसाल्याच्या साहित्यास आणि पुढे मसालेदार पातळ पदार्थास हे नाव मिळणे स्वाभाविक आहे. विदर्भात कोथिंबिरीला ‘सांभार’ म्हणतात आणि मालवणात काळ्या वाटाण्यांचे ‘सांबारे’ होते. या दोन्ही प्रयोगांना तंजावरचा कोणताही राजा कारण झालेला नाही.

तथापि दंतकथा खोटी ठरविणे हा या निबंधाचा हेतू नाही. दंतकथा काय सांगते याहून ती काय झाकते, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. सांबाराच्या कथेत राजा आहे, पाहुणा आहे, आमसूल आणि चिंच आहे. डाळ कोठून आली, कोणी पेरली, कोणी उपटली, कोणी भरडली, याविषयी कथा मौन पाळते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात या मौनाला विशेष अर्थ आहे. तेथील मातीचे स्वतःचे कडधान्य तूर नव्हे, उडीद आहे. त्या काळ्या दाण्याच्या मागाने गेल्यास तंजावरच्या मराठी घराचा एक वेगळा इतिहास हाती येतो काय, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा भाताचा प्रदेश आहे. करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेला कल्लणै हा बंधारा, त्यापासून फुटणाऱ्या नद्या व कालवे, आणि १९३४ साली पूर्ण झालेले मेट्टूर धरण यांनी येथील शेतीचे वेळापत्रक ठरविले आहे. परिपाठ असा की मेट्टूरचे पाणी १२ जूनला सुटावे आणि जानेवारीच्या अखेरीस बंद व्हावे. या मर्यादेत कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे तीन हंगाम बसविलेले असतात. ‘सांबा’ हे भाताच्या हंगामाचे नाव आहे. सांबाराशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह वाचकाने टाळावा.

तै महिन्यात, म्हणजे मकरसंक्रांतीनंतर, सांबा किंवा ताळडीचे भात पिकत येते. कापणीस सात ते दहा दिवस उरले असताना, शेतात भात उभे असतानाच, ओलसर चिखलात उडदाचे बी फोकून देतात. नांगरट नाही, वाफे नाहीत, पुढे पाणीही द्यावयाचे नाही. भाताच्या दाट ताटांखाली बी रुजते. भात कापले गेले की दोन पानांवर आलेली रोपे उजेडात येतात. त्यानंतरचे सुमारे दोन महिने पीक केवळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दंवावर वाढते. पासष्ट ते पंचाहत्तर दिवसांत शेंगा काळ्या पडू लागतात. मग झाडे मुळासकट उपटतात, खळ्यावर वाळवितात आणि काठीने झोडपून दाणे मोकळे करतात. मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात, ही गोष्ट विज्ञानाने पुढे सांगितली. पण उडदानंतरचे भात बरे येते हे ज्ञान शेतकऱ्याला अनुभवाने होतेच.

येथे पेरणीच्या वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. बी लवकर पडले तर साचलेल्या पाण्यात कुजते, उशिरा पडले तर ओल उडून गेलेली असते. आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने (स्थापना १९२२) या पद्धतीस मानवणारे ‘एडीटी ३’सारखे वाण दिले, फुलोऱ्याच्या वेळी दोन टक्के डीएपीच्या द्रावणाची फवारणी करावी अशी शिफारसही आहे. परंतु मूळ पद्धत भाताच्या दोन हंगामांमधील रिकाम्या जागेचा उपयोग करण्याचीच आहे. तुरीला निचऱ्याची जमीन आणि दीर्घ मुदत लागते. चिकण पाणथळ शेतात तिला जागा नाही. ती फार तर बांधावर उभी राहते. म्हणूनच त्रिभुज प्रदेशातील घरात तूरडाळ ही प्रामुख्याने विकत आणण्याची वस्तू आहे आणि उडीद ही घरात येण्याची. सांबार आणि इडली एका पानात शेजारी वाढली जातात, पण त्यांच्या डाळींची वाट निराळी आहे. एक बाजारातून येते, दुसरी भाताच्या पायाशी उगवते.

३

शब्दांची साक्ष या संदर्भात उद्बोधक आहे. संस्कृतात उडदाला ‘माष’ म्हणतात. हा माष मराठीत ‘मासा’ होऊन सोनाराच्या तराजूत जाऊन बसला. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत पाठ असे, आणि चंचल माणसाला ‘क्षणात तोळा, क्षणात मासा’ असे आजही म्हटले जाते. मात्र पोटात जाणाऱ्या धान्याचे मराठी नाव माषावरून आलेले नाही. ‘उडीद’ हा शब्द तमिळ ‘उळुंदु’, मलयाळम ‘उळुन्नु’, कन्नड ‘उद्दु’ यांच्या रांगेत बसतो. तात्पर्य, वजनाचे परिमाण आपण संस्कृतातून घेतले आणि जेवणाचे नाव दक्षिणेशी वाटून घेतले. एकोजी राजे इ. स. १६७५-७६ च्या सुमारास तंजावरास स्थिर झाले, त्याच्या कितीतरी शतके आधी हे वाटप झालेले होते. तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथील पुष्कळ शब्द परके वाटले असतील, पण ‘उळुंदु’ त्यांच्या कानाला फार दूरचा वाटला नसावा.

तमिळ साहित्यातील उडदाचे वय मोठे आहे. संगमकालीन ‘कुरुंतोगै’मध्ये अळ्ळूर नन्मुल्लै या कवयित्रीच्या नावावर असलेल्या एका कवितेत विरहाचा काळ सुचविण्यासाठी दंवाच्या थंडीचे दिवस येतात, आणि त्या दिवसांची खूण म्हणून पिकलेल्या उडदाच्या शेंगा येतात. ‘अगनानूरु’मध्ये विवाहसोहळ्याच्या एका वर्णनात उडीद घालून शिजविलेल्या घट्ट अन्नाचा उल्लेख आहे. या दोन उल्लेखांतून दोन स्वतंत्र गोष्टी कळतात. उडीद आणि दंव यांचे नाते, ज्यावर आजही त्रिभुज प्रदेशातील पीक अवलंबून आहे, ते तमिळ काव्यसंकेतात फार पूर्वीच स्थिरावले होते. आणि उडीद हे मंगलकार्याचे अन्न होते. वयात आलेल्या मुलीस उडदाचे पीठ, ताडगूळ आणि तिळाचे तेल यांची कळी खाऊ घालण्याची तमिळ प्रथा याच धाग्याने पुढे येते.

दख्खनकडे पाहिल्यास, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ११२९-३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त माषपिठाच्या ‘इडरिका’ आणि वटक वर्गातील पदार्थ येतात. म्हणजे उडीद भिजविणे, वाटणे, आंबविणे वा तळणे या क्रियांचा वारसा उत्तर-दक्षिण अशा सरळ रेषेने विभागता येत नाही. मराठ्यांनी तंजावरला उडीद नेला नाही आणि तंजावरने मराठ्यांना उडीद शिकविला नाही. दोघांचीही त्याच्याशी जुनी ओळख होती. त्या दोन ओळखी एका घरात आल्यावर काय घडले, हाच खरा विचारणीय प्रश्न आहे.

मराठी मनात उडीद काहीसा संशयास्पद आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे. ‘उडदामाजी काळे गोरे’ ही म्हण सर्वच दोषी असतील तर निवड कोणाची करावी, असे विचारते. शनिवारी मारुतीला तेल आणि उडीद वाहिले जातात. मंत्रतंत्राच्या गोष्टींत उडीद हटकून असतो. तंजावर आणि मन्नारगुडी येथे रामदासी मठ होते, आणि तमिळ देशातील हनुमंताच्या गळ्यात काळ्या उडदाच्या, मिरी घातलेल्या वड्यांची माळ घालतात. एकाच दैवताला एका प्रदेशात कच्चा दाणा वाहिला जातो आणि दुसऱ्या प्रदेशात त्याच दाण्याचे पक्वान्न. पहिल्या रीतीत पीडा देवाकडे सोपविली जाते, दुसऱ्या रीतीत प्रसाद परत घरी येतो. दोन्ही रीती पाहिलेल्या मराठी कुटुंबाला उडदाची अपशकुनी छाया विसरणे तंजावरमध्ये सोपे गेले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

४

आता लिखित साधनांकडे वळू. तंजावरच्या मराठी राजवटीने आपला इतिहास लिहून ठेवण्याची चांगली काळजी घेतली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेले भोसले वंशाचे चरित्र हा मराठीतील अतिदीर्घ शिलालेख सर्वज्ञात आहे. दरबाराच्या मोडी कागदपत्रांचे रुमाल अभ्यासकांना आजही पुरून उरतील इतके आहेत. पाकशास्त्राच्या बाबतीतही हा दरबार मुका नाही. रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. एकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाशी या ग्रंथकाराचे नाव जोडले जाते. धान्ये, भाज्या, शिजविलेले पदार्थ, त्यांचे गुणदोष, भोजनाचे विधिनिषेध असा त्याचा विस्तार आहे. पुढे दुसऱ्या सरफोजीच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नावाशी निगडित ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ येतो. सरस्वती महाल ग्रंथालयाने तो छापून उपलब्ध केल्यामुळे राजवाड्यातील शाकाहारी व सामिष पाककृतींचे दालन अभ्यासकांना खुले झाले.

या दोन संहितांमधील अंतर लक्षणीय आहे. पहिली अन्नाला शास्त्रात बसविते: पदार्थ म्हणजे त्याचे गुण, वीर्य आणि विपाक. दुसरी अन्नाला कृतीत बसविते: पदार्थ म्हणजे त्याचे प्रमाण, क्रम आणि आच. भाषाही त्याबरोबर बदलते, संस्कृताकडून मराठीकडे येते. सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अंतराने एकाच गादीच्या छायेत झालेला हा प्रवास मराठी गद्याच्या इतिहासकारांनीही दखल घ्यावी असा आहे. बखर आणि पत्रव्यवहार यांच्या पलीकडे मराठी गद्य कोणकोणत्या कामी राबत होते, याचे हे ठोस उदाहरण होय.

परंतु दोन्ही संहितांची मर्यादा एकच आहे. त्या मुदपाकखान्याच्या दारापासून सुरू होतात. डाळ तेथे आधीच निवडलेली, सोललेली, मोजलेली असते. काळ्या उडदाचे साल काढणे हे घरातील बायकांचे रोजचे आणि वेळखाऊ काम. दाणे जात्यावर भरडायचे, रात्रभर भिजवायचे, सकाळी हातावर चोळून साल पाण्यावर तरंगू द्यायचे, ते पाणी ओतून पुन्हा नवे घ्यायचे, असे चार-पाच वेळा. पांढरी इडली या काळ्या पाण्यातून येते. राजाश्रयाच्या पाकग्रंथाला हे काळे पाणी लिहिण्याचे कारण नव्हते, आणि लिहिले असते तरी ते ‘पाककृती’ या सदरात मोडले नसते.

याच काळातील दुसऱ्या एका प्रकारच्या कागदाचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे, म्हणजे अन्नछत्रे, उभारली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांत प्रसिद्ध आहे. ही छत्रे चालू राहावीत म्हणून सरफोजीने १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे शिजलेला भात मिळतो आणि शिजलेले अन्न न घेणाऱ्यांना कोरडा शिधा मसाल्यासह दिला जातो, असे त्यात सांगितले आहे. सत्ता हातून गेलेल्या राजाने आपल्या घराण्याची प्रतिष्ठा सैन्यात न शोधता शिध्यात शोधावी, ही घटना मोठी अर्थपूर्ण आहे. सांबाराच्या दंतकथेतील राजा एका पाहुण्यासाठी चुलीपाशी बसतो; कागदावरचा राजा हजारो अनोळखी माणसांच्या जेवणासाठी परक्या सरकारशी वाद घालतो. दुसरी गोष्ट पुराव्याची आहे, आणि अधिक मोठीही.

५

सांबाराची कथा दुबळी आहे म्हणून मराठी-तमिळ अन्नसंपर्काचा पुरावाच नाही, असे मात्र समजू नये. अधिक खात्रीचा पुरावा एका सामान्य, कोणाही राजाचे नाव नसलेल्या पदार्थात आहे. तो पदार्थ म्हणजे डांगर.

कोकणात आणि देशावर अनेक घरी उडदाच्या पिठाला, विशेषतः पापडाच्या पिठाला, डांगर म्हणतात. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात वा ताकात कालवून, वर हिंग-मोहरीची फोडणी देऊन जे तोंडीलावणे होते, त्यालाही डांगरच म्हणतात. (देशावर काही भागांत डांगर म्हणजे लाल भोपळा, ते वेगळे.) तंजावर-कुंभकोणम् भागातील तमिळ घरांत ‘डांगर पच्चडि’ नावाचा पदार्थ होतो. उडीदडाळ कोरडी भाजून तिचे पीठ करायचे, ते दह्यात कालवायचे, मीठ घालायचे, मोहरी, हिंग आणि मिरचीची फोडणी द्यायची. ‘पच्चडि’ हा शब्द तमिळ, ‘डांगर’ हा मराठी. दोन भाषांनी एका वाटीत अर्धा-अर्धा शब्द घातला आहे.

या जोडशब्दाचे ऐतिहासिक मूल्य कशात आहे? प्रथम, तो शब्द आणि पदार्थ एकत्र प्रवास करताना दाखवितो. सांबाराच्या बाबतीत केवळ नाव आणि एक कथा आहे. येथे नाव, साहित्य, कृती आणि ताटातील स्थान ही चारही अंगे दोन्ही प्रदेशांत जुळतात. दुसरे, येथे उसनवारी अशा धान्याची आहे, जे उसने घेण्याची गरजच नव्हती. उडीद तमिळांकडे मुबलक होता, वडा होता, इडली होती, अप्पळम् होते. भाजलेले कोरडे पीठ दह्यात कालविण्याची ही रीत मात्र मराठी नावाने ओळखली जाते. परिचित धान्याची अपरिचित कृती एका घरातून दुसऱ्या घरात जाते, ती राजाज्ञेने जात नाही. ती शेजारणीकडून शेजारणीकडे जाते, वाटीने जाते. तिसरे, वांगीभात आणि पोळी यांसारखे शब्दही त्या भागातील तमिळ स्वयंपाकात रुळले. तथापि हे सणासमारंभाचे पदार्थ आहेत. डांगर हा घाईच्या दिवसाचा पदार्थ. भाजी नसेल, पाहुणा अवेळी आला असेल, पावसामुळे बाजारात जाता आले नसेल, तेव्हा डब्यातले पीठ आणि घरचे दही पुरते. संपर्क दरबारापुरता असता तर पक्वान्नांची नावे उरली असती. गरजेच्या पदार्थाचे नाव उरले, यावरून संपर्क रोजच्या जगण्यात होता असे म्हणता येते.

सांगली-सातारा आणि नगरकडील उडदाचे घुटे या संदर्भात आठवावे. सालासकट काळी डाळ शिजवून घोटलेली, लसूण-मिरचीची, भाकरीबरोबर खाण्याची. तंजावरच्या ताटात भाकरी नाही, भात आहे, आणि उडदाचा मुख्य उपयोग आंबवलेल्या पिठात होतो. त्यामुळे घुट्याची जागा तेथे रिकामी होत गेली असणार. डांगर भाताबरोबर सहज बसले. स्थलांतरित समाज आपल्याबरोबर सर्व पदार्थ नेतो, परंतु नव्या मुख्यान्नाशी जे जुळतात त्यांनाच पुढच्या पिढ्यांत टिकाव लागतो.

६

शेताच्या मागे परसदार येते. तंजावरच्या जुन्या घराची रचना एका सरळ रेषेत असते: रस्त्याकडे तिण्णै म्हणजे ओटा, मग चौक, कूडम्, स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे ‘कोल्लै’. मराठीत आपण याला परस किंवा परसू म्हणतो. विहीर, गाय, केळी, कढीलिंब, आणि मांडवावर चढविलेला अवरैचा वेल, ही कोल्लैची ठरलेली सामग्री. ‘आडिप्पट्टम् तेडि विदै’, म्हणजे आडि महिन्याचा मुहूर्त शोधून बी पेर, अशी तमिळ म्हण आहे. आपल्या आषाढ-श्रावणात येणाऱ्या या महिन्यात पेरलेली अवरै मार्गळी-तै महिन्यांत भरास येते. अवरै म्हणजे आपला वाल-पावटा-घेवडा या कुळातील वेल. कोवळी शेंग भाजीला, भरलेला दाणा ‘मोच्चै’सारखा आमटीत, आणि वाळलेला दाणा वर्षभरासाठी. तपकिरी व काळसर बियांचे वाण दोन्ही प्रदेशांत आढळतात.

तैच्या आरंभी पोंगल येतो. त्या दिवसांत नव्या भाताबरोबर अनेक भाज्यांची एकत्र आमटी करतात, आणि तीत अवरै व मोच्चै असतात. महाराष्ट्रात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते: पावटे, ओला हरभरा, वांगी, गाजर, तीळ. दोन्ही पदार्थांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. थंडीच्या अखेरीस परसात आणि बांधावर जे एकाच वेळी हाती लागते, ते सर्व एका भांड्यात. येथे कोणी कोणाचे अनुकरण केले असे म्हणण्याचे कारण नाही; ऋतू, वेल आणि पंचांग यांनीच ती समांतरता घडविली आहे. तौलनिक अभ्यासात प्रभाव आणि साधर्म्य यांतील भेद आपण ग्रंथांच्या बाबतीत कसोशीने पाळतो. अन्नाच्या बाबतीतही तो पाळावयास हवा. डांगर हा प्रभावाचा पुरावा आहे; भोगी आणि पोंगल यांच्या भाज्या साधर्म्याचा. सांबाराची दंतकथा या दोहोंची सरमिसळ करते आणि म्हणूनच ती इतकी लोकप्रिय होते.

मालवणी सांबाऱ्याकडे याच दृष्टीने पाहावे. काळे वाटाणे रात्रभर भिजवून शिजवायचे, भाजलेले खोबरे, कांदा आणि गरम मसाल्याचे वाटण लावायचे, वड्यांबरोबर वाढायचे. घट्ट, काळसर, तुरीचा दाणाही नसलेले हे सांबारे नावापुरते तंजावरच्या सांबाराचे भावंड आहे. एकच नाव दोन किनाऱ्यांवर दोन भिन्न धान्यांना चिकटले. कारण ते नाव मुळात धान्याचे नव्हतेच, मसाल्याचे होते.

७

१८५५ साली दुसरा शिवाजी राजा औरस पुत्राविना निधन पावला आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. खासगी मालमत्तेचा वाद १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मराठी कुटुंबे मात्र गेली नाहीत. कारकुनी, वकिली, शिक्षण, कीर्तन आणि जमीन यांच्या आधाराने ती तमिळ देशात राहिली. तमिळ शेजाऱ्यांनी त्यांतील देशस्थांना ‘रायर’ म्हटले. घराबाहेरची भाषा तमिळ झाली, लिपी तमिळ झाली, शाळा तमिळ आणि इंग्रजी झाल्या. मराठी घरात उरली, घरातही स्वयंपाकघरात अधिक. एका गावी अशाच घरातील वृद्ध बाईंना प्रस्तुत लेखकाने डांगराविषयी विचारले. त्यांचे मराठी तमिळ वळणाचे होते, क्रियापदे अडखळत होती. परंतु भाजणे, दळणे, कालवणे, फोडणी हे शब्द एकामागून एक न थांबता आले. भाषा कोठे मावळते आणि कोठे टिकते, याचा इतका स्पष्ट नकाशा कोणत्याही सर्वेक्षणात क्वचितच मिळेल.

परंतु घराचा इतिहास लिहिताना शेताचा विसर पडता कामा नये. तंजावरच्या जमिनीचे मालक आणि त्या कसणारे हात वेगळे होते. आंद्रे बेते यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आणि कॅथलीन गफ यांनी १९८१ मधील ग्रंथात या प्रदेशातील जात, जमीन आणि सत्ता यांची गुंतागुंत तपशिलाने मांडली आहे. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी येथे मजुरीच्या झगड्यातून ४४ दलित स्त्री-पुरुष आणि मुले जाळून मारली गेली, ती याच भातशेतीच्या प्रदेशात. उडदाची झाडे उपटणारे, झोडपणारे हात बहुतांशी याच समाजातील स्त्रियांचे. वाटीतील डांगराचे आदानप्रदान सुखद आहे. पण ती वाटी सर्वांच्या घरी जात नव्हती, हे नोंदविल्याशिवाय अन्नसंस्कृतीचा इतिहास प्रामाणिक होत नाही. छत्रांविषयीच्या पत्रात सर्वांना भात मिळाल्याचे वर्णन आहे. शेतावर राबणाऱ्यांच्या घरी कोणती डाळ शिजत होती, हे त्याच काळातील कोणत्याही पाकग्रंथाने लिहिलेले नाही.

आज या पिकासमोरील अडचणी निराळ्या आहेत. कावेरीच्या पाण्याचा वाद १८९२ आणि १९२४ च्या करारांपासून, १९९० मध्ये नेमलेल्या लवादाच्या २००७ मधील निवाड्यापर्यंत आणि २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत चालत आला. मेट्टूर उशिरा उघडले की सांबा पुढे ढकलला जातो, कापणी लांबते आणि उडदाला लागणारी दंवाची आठवडे-दोन आठवडे निसटतात. दुसरीकडे भाताच्या कापणीला यंत्र आले. विळ्याने कापणारा माणूस रोपांवरून जपून पाऊल टाकू शकतो. यंत्राची जड चाके चिखलात उतरली की चाकोरीतील कोवळा उडीद चिरडला जातो. शिवाय यंत्रासाठी शेत कोरडे हवे आणि उडदासाठी ओले. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र येते, आणि यंत्रामुळे मजुरांच्या हाताला उरलेले उडदाचे कामही कमी होते. २०२० साली तमिळनाडू शासनाने कायद्याने त्रिभुज प्रदेशास संरक्षित विशेष कृषिक्षेत्र घोषित केले. त्याने शेतजमिनीला संरक्षण मिळाले. भात आणि उडीद यांच्यामधील त्या सात-दहा दिवसांच्या नाजूक सहवासाला संरक्षण देणे मात्र कायद्याच्या आवाक्यातील काम नव्हे.

८

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष मर्यादित आहेत. तंजावरच्या मराठी अन्नेतिहासाचे केंद्र सांबाराच्या दंतकथेवरून हलवून उडदाकडे आणल्यास तीन गोष्टी दृष्टिपथात येतात. दरबारी संहिता आणि घरगुती व्यवहार यांतील अंतर दिसते. शब्दसंपर्काचा खरा पुरावा राजनामांत न शोधता रोजच्या पदार्थनामांत शोधावा लागतो, हे पटते. आणि ताटातील धान्याचा माग काढीत गेल्यास तो पाणी, जमीन व श्रम यांच्या इतिहासापर्यंत पोहोचतो.

मराठी साहित्याच्या इतिहासात तंजावरचे प्रकरण बहुधा नाटके, रामदासी काव्य आणि शिलालेख यांवर संपते. त्यात पाकग्रंथांचे एक पान जोडले जावे, आणि त्या पानाच्या समासात स्वयंपाकघरातील मौखिक शब्दसंपदा नोंदविली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. मोडीचे रुमाल थांबू शकतात. भाजणे आणि कालवणे हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून आहेत, त्या पिढीला तेवढा अवकाश नाही.

उडदाच्या काळ्या दाण्यावर एक पांढरी रेघ असते. बी रुजते तेव्हा कोंब तिच्याच शेजारून बाहेर येतो. साल काढून पांढरी शुभ्र केलेली डाळ शिजायला सोपी आणि दिसायला सुंदर असते, परंतु ती पेरता येत नाही. दंतकथेचेही तसेच आहे. ती सोललेली असते, म्हणून पटकन पचते. पेरणीसाठी मात्र सालासकट काळा दाणाच लागतो, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तोच जपून ठेवला पाहिजे.